जुन्या गाण्याला नवा ठेका

अर्जेंटिनाच्या दक्षिणेस अँडीज पर्वतातून नेऊकेन नावाची नदी येते. ती लिमाय नदीला मिळते, आणि दोघींची मिळून रिओ नेग्रो होते. ‘किमेय नेऊकेन’ हे तिकडचं लोकवळणाचं स्पॅनिश गाणं. शब्द मिल्टन आगिलार यांचे, चाल मार्सेलो बेर्बेल यांची. ‘किमेय’ हा शब्द मात्र स्पॅनिश नव्हे. तो तिथल्या मूळच्या मापुचे लोकांचा. अर्थ, चांगलं, सुंदर. होसे लाराल्दे यांनी हे गाणं आपल्या भरदार, संथ आवाजात गायलं.

पुढं ब्वेनोस आयरेसच्या पेद्रो कानाले यांनी त्याला नवा साज चढवला. 2010 सालच्या ‘रिओ आरिबा’ या त्यांच्या संग्रहात तो आहे. हे करतात कसं? गायकाला पुन्हा गायला लावत नाहीत. मुद्रित झालेला जुना आवाज घ्यायचा आणि त्याखाली संगणकावर जुळवलेले ठोके नि खर्जातला नाद घालायचा. एकच तुकडा रहाटासारखा फिरून फिरून येतो. नाचाच्या यंत्रसंगीतात मिनिटाला सुमारे 120 ठोके पडतात. इथं लय मुद्दाम उतरवलेली. शिक्षकांनी घड्याळ पुढं ठेवून वर्गात मोजून पाहावी, मुलांना मौज वाटेल.

2013 साली ‘ब्रेकिंग बॅड’ या अमेरिकन मालिकेत, वाळवंटात पैसा पुरण्याच्या प्रसंगी, हेच गाणं वाजलं. नाव नदीचं, आणि वाजलं कुठं पाहा!

लाराल्दे यांचा गळा झाकला नाही, म्हणूनच हे रूपांतर मला पटतं. मात्र ठेका देणाऱ्याचं नाव पुढं येतं नि शब्द लिहिणारा मागं राहतो, हे काही बरं नव्हे. शाळेत ऐकवाल तेव्हा चारही नावं फळ्यावर लिहा.