पाच सफरचंदांएवढी मैत्रीण

"मावशी, शनिवारी आपण दोघींनी म्युझियमला जायचं!" सईने फर्मान काढलं आणि मी खूश झाले. बी.ए. होऊन पंचवीस वर्षं झाली, पण इतिहासाची ओढ काही सुटलेली नाही. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये मी टोकियोला धाकट्या बहिणीकडे गेले होते, तेव्हाची ही गोष्ट. टोकियो नॅशनल म्युझियम म्हणजे १८७२ सालापासूनचं! मी मनातल्या मनात तलवारी, किमोनो, बुद्धमूर्ती मांडायला सुरुवात केली.

"काय काय बघायचं गं तिथे?"

"हॅलो किटी!"

मी कपाळावर हात मारला. पांढरं तोंड, कानाशी लाल बो. आपल्याकडे जत्रेतल्या क्लिपांपासून कंपासपेटीपर्यंत सगळीकडे असते ना, तीच ही बया. "चौदा वर्षांची झालीस. आता काय मांजरी बघत बसणार?" मी बोलून गेले आणि माझं मलाच चमकल्यासारखं झालं. हे वाक्य ओळखीचं होतं. मी सातवीत असताना आमच्या आजीने अगदी याच सुरात "आता मोठी झालीस" म्हणत माझी भातुकलीची बोळकी शेजारच्या मुलीला देऊन टाकली होती. पितळी बंब मी लपवून ठेवला होता, तोही तिने शोधून काढला. मी मुकाट्याने म्हटलं, "चल, जाऊ."

निशिकासाईहून मेट्रोने निघालो, निहोम्बाशीला गाडी बदलली आणि उएनोला उतरलो. बागेत गिंको झाडांची पानं हळदीसारखी पिवळी झाली होती. म्युझियमच्या आवारात ह्योकेइकान नावाची घुमटाची देखणी इमारत आहे. तेव्हाच्या युवराजांच्या लग्नाप्रीत्यर्थ बांधलेली ही वास्तू १९०९मध्ये लोकांसाठी खुली झाली. अशा मानाच्या वास्तूत किटीच्या पन्नाशीचं प्रदर्शन! आणि आत फक्त पोरीबाळीच असतील हा माझा समजही खोटा ठरला. काठी टेकत आलेल्या आजी होत्या, कॉलेजच्या मुली होत्या, एक सुटाबुटातले गृहस्थसुद्धा मन लावून बघत होते.

किटीचा जन्म १९७४चा. युको शिमिझु या तरुण चित्रकर्तीने तिला सान्रिओ कंपनीसाठी रेखाटलं. पुढच्या वर्षी तिचं चित्र असलेली पहिली वस्तू बाजारात आली, ती म्हणजे मुलींची चिल्लर ठेवायची छोटीशी पाकिटं. त्यावर एका बाजूला दुधाची बाटली, दुसऱ्या बाजूला माशाचं भांडं आणि मध्ये बसलेली ही. बास, एवढंच चित्र! सई गाइडसारखी माहिती देत होती. "मावशी, तिची उंची पाच सफरचंदांएवढी आणि वजन तीन सफरचंदांएवढं. वाढदिवस एक नोव्हेंबर. लंडनजवळ राहते. तिला मिमी नावाची जुळी बहीण आहे. आणि ती मांजर नाहीये, मुलगी आहे!" मला वाटलं, ही माझी फिरकी घेतेय. पण कंपनीनेच २०१४मध्ये तसं सांगितलं होतं म्हणे.

दर दोन मिनिटांनी कुणीतरी म्हणायचं, "कावाइई!" म्हणजे गोड, गोंडस, गोजिरवाणं. या शब्दाचं मूळ चेहरा लाजेने लाल होणं असं आहे. मग त्यात दया आली, मग माया आली. याच्याच नात्यातला 'कावाइसो' हा शब्द आजही 'बिचारा' या अर्थाने वापरतात. आपणही तान्ह्या बाळाला कौतुकाने 'बिच्चारं ते!' म्हणतोच की. हजार वर्षांपूर्वी सेइ शोनागोन नावाच्या राणीच्या सखीने गोड वाटणाऱ्या गोष्टींची यादीच लिहून ठेवली आहे. खरबुजावर काढलेला मुलाचा चेहरा, टुणटुण येणारं चिमणीचं पिल्लू, असं काय काय आहे त्यात. आणि १९७०च्या दशकात शाळकरी मुलींनी गोल गोल, बाळबोध अक्षर काढायला सुरुवात केली. मोठ्यांना ते वाचवेना. काही शाळांनी तर त्यावर बंदी घातली! पोरींच्या आवडीवर डोळे वटारणाऱ्या आज्या सगळ्याच देशांत असतात, एकूण.

एका मोठ्या चित्रासमोर मात्र मी अडकले. किटीला तोंडच नाही! आमच्या बचत गटात पहिलं वर्षभर बायका "घरी विचारून सांगते" याच्या पुढे बोलत नव्हत्या. त्यांना बोलतं करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. आणि इथे तोंड नसलेली मुलगी जगभरच्या मुलींची लाडकी? मी फणकाऱ्याने तसं म्हटलंही.

सई म्हणाली, "अगं, तोंड नाही म्हणून तर बरं. आपण खूश असलो की ती खूश दिसते, आपण रडत असलो की तीही रडवेली दिसते." थोडं थांबून, चित्राकडेच बघत ती पुढे म्हणाली, "इथल्या शाळेत आले ना, तेव्हा मला पण तोंड नव्हतं, मावशी."

मी गप्प झाले. बाहेर बाकावर बसल्यावर हळूहळू एकेक बाहेर आलं. पहिले पाच-सहा महिने तिला भाषा येत नव्हती. मधल्या सुट्टीत ती एकटी ग्रंथालयात जाऊन बसायची. कुणी त्रास दिला नाही, पण कुणी बोललंही नाही. एक दिवस वर्गातल्या मुलीने तिच्या दप्तराला लटकलेल्या किटीकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "कावाइई!" सईला कळलेला तो पहिला शब्द. तीच आज तिची जिवाभावाची मैत्रीण आहे. "आईला सांगू नकोस हं. ती स्वतःलाच दोष देत बसेल." मी म्हटलं, "मी नाही सांगणार. पण तू सांग. आता तुला तोंड आहे ना?"

मैत्रिणींनो, मी काही किटीची भक्त झाले नाही. त्या गोडव्यामागे पैशाचा मोठा व्यवहार आहे, हे प्रदर्शनाबाहेरच्या दुकानात कळलंच. शिवाय गोड आवडणं वेगळं आणि बाईने कायम गोडच राहावं ही सक्ती वेगळी. पण १९८०पासून किटीचं काम बघणाऱ्या युको यामागुची स्वतः चाहत्यांना भेटत, त्यांचं ऐकत राहिल्या. पहिल्या मुली मोठ्या झाल्या, तेव्हा १९८७मध्ये त्यांच्यासाठी काळी-पांढरी किटी आली. मोठी झालीस म्हणून तुझं बाहुलं कुणी हिसकावलं नाही, बाहुलंच सोबत मोठं झालं! त्या प्रदर्शनाच्या नावातच होतं, की मी बदलते तशी तीही बदलते. मला माझा पितळी बंब आठवला.

"आता तुझी पाळी," म्हणत सई मला त्याच आवारातल्या हानिवांच्या प्रदर्शनात घेऊन गेली. जुन्या राजेरजवाड्यांच्या थडग्यांवर मांडलेल्या मातीच्या आकृत्या म्हणजे हानिवा. त्यात सहाव्या शतकातली 'नाचणारी माणसं' आहेत. डोळ्यांच्या जागी गोल भोकं, तोंडाच्या जागीही गोल भोक, एक हात वर. काही अभ्यासकांच्या मते ती नाचत नाहीत, घोड्याचा लगाम धरून चालली आहेत. काही का असेना, माझ्या तोंडून निघालंच, "अगंबाई, किती गोड!"

"मावशी, कावाइई म्हण!" सई खुदकन हसली.

त्या रात्री स्वयंपाकघरात मायलेकी बराच वेळ बोलत होत्या. मी मुद्दाम बाहेर आले नाही. सकाळी बहिणीचे डोळे सुजलेले होते, पण ती सईची वेणी घालताना गुणगुणत होती.

गावी परतल्यावर आमच्या किशोरी गटातल्या मुलींना मी सांगितलं, "पुढच्या वेळी आपापली एक लाडकी वस्तू आणा. कुणी हसायचं नाही." तीन महिने तोंडातून शब्द न काढणाऱ्या एका मुलीने आईच्या जुन्या साडीचा शिवलेला पोपट आणला. फार नाही, चारच वाक्यं बोलली. पण बोलली.