दडपे पोहे
दडपे पोहे हा कोकणात आणि कोकणातून मुंबई-पुण्याकडे स्थायिक झालेल्या कुटुंबांत केला जाणारा, न शिजवता तयार होणारा खाद्यपदार्थ आहे. पातळ पोह्यांत ओले खोबरे, कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबाचा रस, मीठ व साखर मिसळून ते मिश्रण काही वेळ वजनाखाली दाबून ठेवतात. इतर जिन्नसांच्या ओलाव्यानेच पोहे मऊ होतात. त्यासाठी आच लागत नाही. चैत्र-वैशाखात दिवसभराच्या उकाड्यानंतर चुलीपुढे वा शेगडीपुढे उभे राहणे नकोसे होते, अशा वेळी संध्याकाळच्या खाण्यासाठी किंवा रात्रीच्या हलक्या जेवणाऐवजी हा पदार्थ विशेष सोयीचा ठरतो.

नाव
‘दडपणे’ म्हणजे वर वजन ठेवून दाबणे. या पदार्थाचे नाव त्याच्या कृतीतील याच टप्प्यावरून पडले आहे. ‘पोहे’ हा शब्द संस्कृत ‘पृथुक’ या शब्दापासून आला आहे. भागवत पुराणाच्या दहाव्या स्कंधात कृष्णाचा दरिद्री मित्र, म्हणजेच परंपरेतील सुदामा, त्याच्यासाठी पोह्यांची पुरचुंडी नेतो. कृष्णाने ते पोहे तसेच मुठीने खाल्ले असे वर्णन आहे.

पोहे न शिजवता का खाता येतात
दडपे पोहे हा ‘कच्चा’ पदार्थ आहे असे सर्रास म्हटले जाते. ते पूर्णपणे बरोबर नाही. पोहे तयार करताना भात, म्हणजे टरफलासह असलेला तांदूळ, पाण्यात भिजवतात, नंतर तापलेल्या वाळूत किंवा भट्टीत भाजतात आणि गरम असतानाच कुटून चपटा करतात. पूर्वी हे काम उखळ-मुसळाने होत असे, आता ते गिरणीतील यंत्रांवर होते. दाण्याला ओलावा व उष्णता एकाच वेळी मिळाल्याने त्यातील पिष्ट फुगते आणि त्याची घट्ट रचना मोडते. तांदूळ शिजतो तेव्हाही हेच घडते. म्हणून पोह्यांना नंतर केवळ पाणी पुरते. साधा तांदूळ कितीही वेळ भिजवला तरी तो भातासारखा होत नाही, हा फरक येथे महत्त्वाचा आहे. या पदार्थाचा शिजण्याचा भाग घरात होत नाही, तो पोहे विकत घेण्यापूर्वीच उरकलेला असतो.

कृती
चार जणांसाठी साधारणपणे २५० ग्रॅम पातळ पोहे पुरतात. ते चाळून, निवडून घेतात. दमट हवेत पोहे सादळलेले असतील तर थोडा वेळ उन्हात ठेवून कुरकुरीत करून घेण्याची पद्धत आहे. जाड पोहे या कृतीला चालत नाहीत. ते भिजवावे लागतात आणि मग पदार्थाचा पोतच बदलतो.

बारीक चिरलेले १ ते २ कांदे, हिरव्या मिरच्या, मीठ व चिमूटभर साखर हाताने चांगले चुरडतात. कृतीतील ही पायरी घाईत वगळली जाते आणि पोहे कोरडे राहण्याचे तेच मुख्य कारण असते. मीठ व साखरेमुळे कांद्यातील पाणी बाहेर ओढले जाते, आणि पोहे भिजण्यास तेच पाणी उपयोगी पडते. त्यात सुमारे दीड वाटी खोवलेले ओले खोबरे, कोथिंबीर व लिंबाचा रस घालून शेवटी पोहे मिसळतात. काही घरांत कोचवलेली काकडी, टोमॅटो किंवा किसलेली कैरीही घालतात. कैरी असल्यास लिंबू कमी करतात. मिश्रण फारच कोरडे वाटले तर नारळ फोडताना निघालेल्या पाण्याचा हबका मारतात. साध्या पाण्यानेही काम भागते, पण चव पातळ होते.

हे मिश्रण पातेल्यात सारखे दाबून त्यावर ताटली आणि ताटलीवर वरवंटा, खलबत्ता किंवा पाण्याने भरलेला तांब्या ठेवतात. २० ते ३० मिनिटांत ओलावा सर्वत्र सारखा पसरतो. पोहे मऊ झाले पाहिजेत, त्यांचा लगदा होता कामा नये. भाजलेला किंवा तळलेला पापड अगदी वाढतेवेळी वरून चुरतात.

फोडणी
अनेक घरांत मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता व शेंगदाण्यांची फोडणी गार करून दडपण्यापूर्वी वरून घालतात, आणि त्यासाठी काही मिनिटे का होईना आच लागतेच. ती पूर्णपणे टाळायची असल्यास चमचाभर कच्चे तेल, आधी भाजून ठेवलेले दाणे आणि तळून डब्यात ठेवलेली सांडगी मिरची चुरडून घालतात. सांडगी मिरचीचा खमंगपणा फोडणीची उणीव बऱ्याच अंशी भरून काढतो.

साठवण
दडपे पोहे हा ताजा खाण्याचा पदार्थ आहे. कोरडे पोहे महिनोन्‌महिने टिकतात ते त्यांत पाणी नसल्यामुळे. एकदा ओले झाल्यावर ते भातासारखेच नाशवंत होतात. भाजण्याच्या उष्णतेतही तग धरणारे काही जिवाणूंचे बीजाणू तांदळात असू शकतात आणि ओलाव्यात, उबदार हवेत ते वाढू लागतात. ओले खोबरे तर उन्हाळ्यात लवकर आंबते. त्यामुळे मिश्रण केल्यापासून सुमारे दोन तासांच्या आत ते संपवणे इष्ट असते. सहलीच्या डब्यासाठी पोहे वेगळे व ओले जिन्नस वेगळे नेऊन जागेवर कालवणे अधिक सुरक्षित. शीतकपाटात ठेवल्यास पोहे खराब होणे लांबते, परंतु ते घट्ट व चिवट होतात. ताजा नारळ न मिळणाऱ्या परदेशांत गोठवलेले खोबरे वापरले जाते. सुक्या खोबऱ्याच्या किसाने मात्र हा पदार्थ साधत नाही, कारण त्यात ओलावाच नसतो.

तत्सम पदार्थ
दहीपोहे, दूधपोहे आणि गोकुळाष्टमीचा गोपाळकाला हे पोह्यांचे न शिजवता होणारे इतर मराठी पदार्थ आहेत. गोव्यात दिवाळीच्या पहाटे पोह्यांचे अनेक प्रकार करतात. त्यांपैकी नारळाच्या रसातील गुळाचे गोड पोहे आणि दह्यातील पोहे यांतही पोहे शिजवले जात नाहीत. कर्नाटकात गोज्जवलक्की या प्रकारात भरडलेले पोहे चिंच-गुळाच्या पाण्यात भिजवतात व वर फोडणी घालतात. बिहारमधील दही-चुडा मुख्यतः मकर संक्रांतीला, म्हणजे हिवाळ्यात खाल्ला जातो.