परदेशातील एक सहामाही

‘सहामाही’ हा शब्द कानावर पडताच आपल्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे प्रश्नपत्रिका उभी राहते. परंतु या शब्दाचा एक दूरचा भाऊ युरोपात राहतो. त्याचे नाव ‘सेमिस्टर’. लॅटिन भाषेतील ‘सहा’ आणि ‘महिना’ या अर्थांच्या दोन शब्दांच्या संयोगातून तो जन्मला. लॅटिनचा ‘मेन्सिस’ आणि आपला ‘मास’ हे एकाच मूळ कुळातील होत. म्हणजे सेमिस्टर म्हणजे षण्मास, अर्थात सहामाही! अलीकडे आपल्या घराघरांतून हा शब्द एका नव्या संदर्भात ऐकू येतो. कोणाचा मुलगा, कोणाची भाची ‘एका सेमिस्टरसाठी’ परदेशी गेलेली असते, आणि ते ऐकून आजोबा विचारतात, “सहा महिन्यांत तिथे काय शिकणार? जाण्यायेण्याचे भाडे तरी वसूल होईल का?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न.

प्रथम ही व्यवस्था म्हणजे काय ते पाहू. पूर्वी परदेशी शिक्षण म्हटले की तीनचार वर्षांचा वनवास ठरलेला असे. एका सत्राच्या व्यवस्थेत तसे नाही. विद्यार्थी आपल्याच विद्यापीठाचा राहतो, पदवी येथेच घेतो. केवळ मधले एक सत्र तो दुसऱ्या देशातील विद्यापीठात काढतो. दोन विद्यापीठांत तसा करार असेल, तर बहुधा शिक्षणशुल्क आपल्याच विद्यापीठात भरावयाचे असते आणि तिकडे ते पुन्हा द्यावे लागत नाही. युरोपात १९८७ साली ‘इरॅस्मस’ नावाची योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी ११ देशांतील ३,२४४ विद्यार्थी तीमधून शेजारच्या देशांत शिकावयास गेले. ज्या देशांच्या सैन्यांनी एकमेकांची शहरे जमीनदोस्त केली होती, त्यांची मुले आता एका बाकावर बसू लागली. या योजनेमागील खरी दृष्टी हीच होती. पुढे तिची दारे युरोपाबाहेरील विद्यार्थ्यांनाही उघडली.

परंतु एका विद्यापीठात केलेला अभ्यास दुसऱ्याने मान्य कसा करावा? त्यासाठी ‘क्रेडिट’ नावाचे एक माप ठरविण्यात आले. कापड जसे मीटरने, तसा अभ्यास क्रेडिटने मोजतात. युरोपीय पद्धतीत पूर्ण वर्षाच्या अभ्यासाचे ६० आणि एका सत्राचे ३० क्रेडिट होतात. एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचे काम धरलेले असते. त्यात व्याख्याने, वाचन, लेखन, परीक्षेची तयारी सारे आले. म्हणजे एका सत्रात ७५० ते ९०० तासांचे काम! सहा महिन्यांवर वाटले तर आठवड्याला सुमारे तीस तास पडतात. ‘सहा महिने फिरून आला’ असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब अवश्य करून पाहावा. आपल्याकडेही २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर क्रेडिटची पेढी स्थापन झाली आहे. तथापि एक सावधगिरी घ्यावयास हवी: तिकडे कोणते विषय घेणार आणि त्यांपैकी कोणते इकडे धरले जाणार, हे निघण्यापूर्वीच लेखी ठरवून घ्यावे. परतल्यावर विचारले तर कित्येकदा तोच अभ्यास पुन्हा करण्याची पाळी येते.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. जर्मनीची राजधानी बर्लिन हे सुमारे ३७ लाख वस्तीचे शहर. तेथे उंटर डेन लिंडेन या प्रशस्त रस्त्यावर, एका जुन्या राजपुत्राच्या वाड्यात हुंबोल्ट विद्यापीठ आहे. विल्हेल्म फॉन हुंबोल्ट याच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या या विद्यापीठात १८१० साली अध्यापन सुरू झाले. अध्यापकाला शिकविण्याचे आणि विद्यार्थ्याला शिकण्याचे स्वातंत्र्य असावे, आणि दोघांनी मिळून ज्ञानाचा शोध घ्यावा, हा विचार या विद्यापीठाच्या नावाशी जोडला गेला आहे. त्याच रस्त्याच्या पलीकडील चौकात १० मे १९३३ रोजी नाझी विद्यार्थ्यांनी हजारो पुस्तकांची होळी केली. आज त्या फरशीत एक काच बसविलेली असून तिच्याखाली रिकाम्या फळ्यांची एक पांढरी खोली दिसते. सुमारे वीस हजार पुस्तके मावतील एवढी, परंतु पुस्तक एकही नाही. व्याख्यानाला जाता-येता विद्यार्थ्याच्या दृष्टीस ती पडते, आणि विद्या व विवेक यांची फारकत झाली म्हणजे काय होते, हे कोणी न सांगता कळते. महायुद्धानंतर शहराचे तुकडे झाले. सोव्हिएत विभागातील दडपशाहीला कंटाळलेल्या विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी १९४८ साली पश्चिम भागातील डालेम येथे ‘मुक्त विद्यापीठ’ काढले. १९६१ साली मध्ये भिंत उभी राहिली. ९ नोव्हेंबर १९८९ रोजी ती खुली झाली. मोठ्या शहरातील विद्यापीठाचा हाच विशेष की, अर्धे शिक्षण वर्गात होते आणि अर्धे रस्त्यावर.

तेथील शैक्षणिक वर्षाची सत्रे दोन. हिवाळी सत्र १ ऑक्टोबरपासून ३१ मार्चपर्यंत आणि उन्हाळी सत्र १ एप्रिलपासून ३० सप्टेंबरपर्यंत. प्रत्यक्ष व्याख्याने त्यापेक्षा कमी काळ चालतात, उरलेला वेळ निबंधलेखन व परीक्षा यांसाठी असतो. आपल्याकडील सत्र जून-जुलैत सुरू होत असल्याने दोन्ही वेळापत्रके जुळत नाहीत, आणि एक सहामाही साधताना दुसरीचा काही भाग हातचा जाण्याचा संभव असतो. हेही आधीच विचारात घेतले पाहिजे.

वर्गातील रीतीही आपल्याला नव्या वाटतील. वेळापत्रकात दहाची वेळ असली तरी व्याख्यान बहुधा सव्वादहाला सुरू होते. या पाव तासाला ‘विद्यापीठीय पाव तास’ असे नाव आहे. ही सवलत मात्र पंधरा मिनिटांचीच; सोळाव्या मिनिटाला येणारा उशिराच आलेला समजतात. व्याख्यान संपल्यावर टाळ्या न वाजविता विद्यार्थी बोटांच्या पेरांनी बाकावर टकटक करतात. व्याख्यानांखेरीज ‘सेमिनार’ नावाचे लहान वर्ग असतात. तेथे विद्यार्थ्याने एखादा विषय स्वतः मांडावयाचा, इतरांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावयाची आणि सत्राच्या शेवटी त्यावर प्रबंधवजा निबंध लिहावयाचा. दुसऱ्याचे वाक्य आपले म्हणून लिहिणे ही तेथे चोरीच मानतात. गुणांची तर गंमतच आहे: १ हा सर्वोत्तम, ४ म्हणजे काठावर उत्तीर्ण आणि ५ म्हणजे अनुत्तीर्ण. तेव्हा मुलाने ‘मला एक मिळाला’ असे कळविले तर आईने पदर डोळ्यांना न लावता पेढे वाटावेत!

आता खर्चाकडे वळू. बर्लिनच्या सरकारी विद्यापीठांत पदवीच्या अभ्यासक्रमाला शिक्षणशुल्क नाही. केवळ सत्रागणिक एक लहानशी वर्गणी असते. परंतु राहणे व जेवणे महाग आहे. आपल्याकडून जाणाऱ्या विद्यार्थ्याला निर्वाहाची तरतूद आधी दाखवावी लागते. ही रक्कम बहुधा अशा खात्यात ठेवतात की, त्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते. सप्टेंबर २०२४ पासून हा आकडा महिन्याला ९९२ युरो ठरला. म्हणजे सहा महिन्यांचे ५,९५२ युरो. त्यावर विमानभाडे, आरोग्यविमा आणि खोलीची अनामत. मध्यम स्थितीतील कुटुंबाला ही रक्कम लहान नाही. शिष्यवृत्तीची चौकशी म्हणूनच एक वर्ष आधी सुरू करावी. १९२५ साली स्थापन झालेली ‘डाड’ ही जर्मन संस्था शिष्यवृत्त्या देते, आणि काही वेळा विद्यापीठांच्या करारांतही साहाय्याची सोय असते. घर गहाण टाकून एका सत्रासाठी जावे, असे मात्र प्रस्तुत लेखक कोणालाही सांगणार नाही.

खोली मिळविणे हे सर्वांत अवघड काम. विद्यार्थी वसतिगृहांत जागा थोड्या असतात; तीनचार जण मिळून घर घेतात आणि स्वयंपाकघर सामाईक ठेवतात. राहावयास गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत आपला पत्ता सरकारी कचेरीत नोंदवावा लागतो. रविवारी दुकाने बंद. रात्री दहानंतर शेजाऱ्यांना आवाज होता कामा नये. भुयारी रेल्वेच्या फलाटावर जाताना तिकीट पाहणारा फाटकावर कोणी नसतो. मात्र गाडीत अचानक तपासनीस आला आणि तिकीट नसले तर जबर दंड होतो. विश्वास ठेवणे आणि तो मोडणाऱ्याला शिक्षा करणे, या दोन्ही गोष्टी तेथे एकाच व्यवस्थेत नांदतात.

या साऱ्यापेक्षा अवघड परीक्षा एकटेपणाची. डिसेंबरात बर्लिनचा सूर्य सकाळी सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी चार वाजण्यापूर्वीच मावळतो. बडोद्याच्या उन्हात वाढलेल्या मुलाला तो अंधार जड जातो. दिवाळीला तिकडे वर्ग चालू असतात. अशा वेळी खोलीचे दार लावून घरच्यांशी तासन् तास बोलत बसावेसे वाटते. पण तसे केले तर सहा महिने बर्लिनमध्ये राहूनही बर्लिन भेटत नाही. सामाईक स्वयंपाकघरात जाऊन दोन पोळ्या अधिक लाटाव्यात, हा त्यावरचा उत्तम उपाय होय.

“आमची मुले मराठी माध्यमातील, त्यांचा तिथे निभाव कसा लागणार?” ही पालकांची शंका आम्ही नेहमी ऐकतो. तिच्यात तथ्य आहे. इंग्रजी वाचण्यालिहिण्याचा सराव कसून करावाच लागेल आणि निघण्यापूर्वी कामचलाऊ जर्मनही शिकावी लागेल. परंतु बडोद्यातील मराठी मूल घरी मराठी, बाजारात गुजराती, चित्रपटगृहात हिंदी आणि पुस्तकात इंग्रजी अशा चार भाषांत लहानपणापासून वावरते. आपली भाषा न बोलणाऱ्या शेजाऱ्याशी आदराने वागत आपलीही भाषा कशी जपावी, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. ही शिदोरी लहान नव्हे.

याच बर्लिनमध्ये १९२८ साली एक मराठी स्त्री शिकावयास गेली होती. त्या म्हणजे इरावती कर्वे. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे यांना हे जाणे पसंत नव्हते. पती दिनकर यांचा पाठिंबा होता. खर्चासाठी डॉ. जीवराज मेहता यांनी कर्ज दिले; हेच जीवराज मेहता पुढे १९४८ साली बडोदे संस्थानचे दिवाण आणि १९६० साली गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. डालेम येथील मानवशास्त्र संस्थेत इरावतीबाईंचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. मानवी कवटीच्या दोन बाजूंतील फरकावरून गोऱ्या वंशाचे वेगळेपण दिसावे, अशी त्यांची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. मापांतून तसे काही निघाले नाही, आणि निघाले नाही असेच त्यांनी आपल्या प्रबंधात लिहिले. परक्या देशात, पैशाची ओढाताण असताना, पदवी ज्यांच्या हाती त्याच गुरूच्या मताविरुद्ध सत्य लिहिणे सोपे नव्हते. ती संस्था पुढे नाझी वंशवादाच्या सेवेत बदनाम झाली. इरावतीबाईंचा निष्कर्ष मात्र काळाच्या कसोटीस उतरला. त्या तेथे सुमारे दोन वर्षे होत्या, एक सहामाही नव्हे; परंतु परदेशी जाऊन काय शिकावे याचे उत्तर त्यांच्या उदाहरणात मिळते. तेथील विद्वानांचे सारे ऐकावे, आणि मग आपल्या हाताने मोजून पाहावे.

शेवटी एक गोष्ट परतीच्या वाटेविषयी. महाराज सयाजीराव गायकवाड यांची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. त्या महानगराने त्यांना वर्गात, ग्रंथालयात, भोजनगृहात सर्वांबरोबरीने बसविले. १९१७ साली ते सेवेसाठी बडोद्यास आले, तेव्हा या शहरात त्यांना राहावयास खोली मिळाली नाही. ज्या ठिकाणी आश्रय घेतला तेथूनही त्यांना हाकलण्यात आले, आणि मुंबईच्या गाडीची वाट पाहत ते बागेत बसून राहिले. शिष्यवृत्ती देणारेही बडोदे आणि दार लावून घेणारेही बडोदेच! दोन्ही गोष्टी आपल्या शहराच्या इतिहासात लिहिलेल्या आहेत आणि दोन्ही आपण लक्षात ठेवल्या पाहिजेत.

म्हणून आजोबांच्या प्रश्नाला उत्तर असे: सहा महिन्यांत विद्या थोडीच येईल, ती येथेही मिळते. परंतु परका म्हणून जगणे कसे असते, हे त्या सहा महिन्यांत कळते. जो ते ओळखून परत येईल, तो आपल्या गल्लीत खोली शोधणाऱ्या अनोळखी मुलाला नाव-गाव-जात विचारण्यापूर्वी पाण्याचा पेला पुढे करील. तसे झाले तर भाडे वसूल झाले असे खुशाल समजावे.