संकटकाळचा निरोप : समाजमाध्यमे आणि त्यांचे निर्माते

गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या समाजात एक नवा व्यवसाय उदयास आला आहे. कोणी गृहिणी पिठले-भाकरी कशी करावी हे दाखविते, कोणी शेतकरी पिकावरील रोगाविषयी माहिती देतो, कोणी भारूड गातो. आणि यूट्यूब, इन्स्टाग्राम यांसारख्या व्यासपीठांवरून ते लाखो लोकांपर्यंत पोहोचते. त्यावर जाहिरातींचे उत्पन्न मिळते व पुष्कळांचा संसार चालतो. या मंडळींस 'निर्माते' असे नाव पडले आहे. आता प्रश्न असा की, व्यासपीठावर एकाएकी संकट ओढवले तर त्याच्या चालकांनी या निर्मात्यांना काय सांगावे, केव्हा सांगावे आणि कोणत्या भाषेत सांगावे? प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. वस्तुतः तो पोटापाण्याचा आहे.

प्रथम या दोघांतील नाते नीट पाहिले पाहिजे. निर्माता हा व्यासपीठाचा नोकर नव्हे. त्याला पगार नाही, रजा नाही, नोटिशीची मुदत नाही. तो स्वतंत्र व्यापारीही नव्हे. कारण दुकान त्याचे असले तरी जागा, रस्ता आणि गिऱ्हाइकाची वही दुसऱ्याच्या ताब्यात असते. आपल्या जावळी खोऱ्याला ही स्थिती अगदीच अपरिचित नाही. मुंबईच्या बाजारात ओझी वाहावयास येथून पिढ्यान् पिढ्या माणसे गेली. त्यांचाही कोणी एक ठरावीक मालक नव्हता. आज या पेढीचे काम, उद्या त्या गोदामाचे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली ते संघटित झाले, १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा झाला, आणि मग कामाची नोंद व दाद मागण्याची जागा त्यांना मिळाली. मालक एक नसला तरी जबाबदारी कोणाची तरी असलीच पाहिजे, हे तत्त्व तेव्हा मान्य झाले. ते येथेही लागू पडते.

आता काही प्रत्यक्ष उदाहरणे पाहू. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकसह ५९ उपयोजनांवर बंदी घातली. खेड्यापाड्यांतील असंख्य तरुणांनी आपले प्रेक्षक तेथेच जमविले होते. दुसऱ्या दिवशी कंपनीने निवेदन काढले, सरकारी आदेशाचे पालन करीत असल्याचे सांगितले आणि उपयोजन बंद पडले. आदेश सरकारचा होता, तेव्हा तो पाळणे कंपनीस भागच होते. परंतु आपली जुनी कामे कशी जतन करावी, प्रेक्षकांना नवा पत्ता कसा कळवावा, याची तजवीज ज्याने आधी करून ठेवली नव्हती, त्याच्या हाती फारच थोडे उरले. अशा तजविजीची सूचना देण्याची वेळ संकटाच्या दिवशी नसते. ती त्यापूर्वीच्या शांत दिवसांत असते.

दुसरे उदाहरण त्याच वर्षीचे. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे यूट्यूबची तपासनीस मंडळी कचेरीत येऊ शकत नव्हती. कंपनीने आधीच जाहीर केले की, काही काळ तपासणी मुख्यतः यंत्राकडून होईल, त्यात निर्दोष व्हिडिओही काढले जाण्याचा संभव आहे, आणि म्हणून पूर्ण खात्री नसेल तेथे निर्मात्याच्या नावे दोषाची नोंद केली जाणार नाही. पुढे तसेच घडले. एप्रिल ते जून या तिमाहीत सुमारे १ कोटी १४ लाख व्हिडिओ काढले गेले. त्यांपैकी सव्वातीन लाखांच्या आसपास व्हिडिओंबद्दल निर्मात्यांनी दाद मागितली व दीड लाखांहून अधिक परत लावले गेले. म्हणजे ज्यांनी दाद मागितली त्यांतील जवळजवळ निम्म्यांचे म्हणणे खरे ठरले! चुका झाल्याच, पण चुका होतील हे आधी सांगितले, त्यांची शिक्षा सौम्य केली, दाद मागण्याची वाट मोकळी ठेवली, आणि नंतर आकडे प्रसिद्ध केले. या चार गोष्टी अनुकरणीय आहेत.

तिसरा प्रकार ४ ऑक्टोबर २०२१ चा. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप ही तिन्ही सुमारे सहा तास बंद पडली. देखभालीच्या कामात दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेने कंपनीच्या केंद्रांना जोडणारे जाळेच तुटले होते. कंपनीच्या आतील साधनेही निकामी झाली, आणि लोकांना खुलासा करण्यासाठी तिला ट्विटर या दुसऱ्याच व्यासपीठाचा आश्रय घ्यावा लागला. बोध सरळ आहे : घराला आग लागली तर हाक मारण्याची घंटा घराबाहेर हवी. ई-मेल किंवा फोनवरील संदेश अशी एखादी वेगळी वाट प्रत्येक व्यासपीठाने आधीच राखली पाहिजे.

संकट दर वेळी सर्वांवरच येते असे नाही. नगर जिल्ह्यातील सारोळा कासारच्या सुमन धामणे 'आपली आजी' या नावाने घरगुती पाककृती दाखवितात. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांची वाहिनी चोरट्यांनी बळकावली. सुमारे चार दिवसांनी ती परत मिळाली. व्यासपीठाच्या हिशेबी चार दिवस म्हणजे काहीच नव्हेत. ज्याची सारी मेहनत तेथे आहे त्याला ते फार मोठे. अशा वेळी "तक्रार मिळाली, तपास चालू आहे, अमुक वेळी पुन्हा कळवू" एवढे शब्दही मोठा आधार देतात.

मग चांगला निरोप कसा असावा? त्याचा नमुना आपल्या जिल्ह्यातच आहे. पावसाळ्यात कोयना धरणातून पाणी सोडावयाचे असते तेव्हा अमुक वाजता दरवाजे इतके फूट उचलणार, इतके क्युसेक पाणी नदीत येणार, नदीकाठच्या लोकांनी सावध राहावे, असे आधी जाहीर होते. काय होणार, केव्हा, किती, आणि ऐकणाऱ्याने काय करावे, एवढेच त्यात असते. धरणाच्या थोरवीचे वर्णन नसते. पाऊस वाढला की नवा आकडा येतो. व्यासपीठांनी नेमके हेच करावे : ठाऊक असेल ते सांगावे, ठाऊक नसेल ते ठाऊक नाही म्हणावे, पुढचा निरोप केव्हा येईल ते कळवावे आणि तो शब्द पाळावा. आणि हे मराठीत सांगावे; कायदेशीर इंग्रजीतील चार पानी पत्र म्हणजे न दिलेला निरोपच होय.

कायद्याचा थोडा आधारही आज आहे. फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी तक्रार निवारण अधिकारी नेमणे व चोवीस तासांत तक्रारीची पोच देणे बंधनकारक केले. पन्नास लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या व्यासपीठाने स्वतःहून मजकूर काढला तर कारण कळवावे व बाजू मांडण्याची संधी द्यावी, असेही त्यांत आहे. २०२२ च्या दुरुस्तीने अपील समित्यांची सोय झाली. पण नियम किमान मर्यादा ठरवितात. विश्वास त्यापुढे सुरू होतो.

निर्मात्यांचेही कर्तव्य आहे. आपल्या कामाची प्रत स्वतःजवळ ठेवावी, एकाच व्यासपीठावर सर्वस्वी विसंबू नये, खात्याला दुहेरी कुलूप लावावे, आणि प्रसंग आल्यास मुदतीत लेखी दाद मागावी. माथाडी बांधवांना हक्क मिळाले ते एकत्र आल्यामुळे. या नव्या श्रमिकांनीही आपसांत ओळख ठेवली, एकाच्या अडचणीचा अनुभव दुसऱ्याला सांगितला, तर व्यासपीठांनाही त्यांच्याशी माणसासारखे बोलणे भाग पडेल.