छोट्या स्पोर्ट्स कारला जास्त टिकणारे टायर हवेत? आधी जुने कसे संपले ते पाहा

जुनी माझदा एमएक्स-५ विकायला निघते, तेव्हा मालक बऱ्याचदा सांगतो, "टायर तर नव्यासारखे आहेत." पाहिलं तर नक्षी खोल असते, रबर काळंभोर दिसतं. पण टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचले की कधी कधी कळतं, हे टायर बनूनच दहा-बारा वर्षं झाली आहेत. ते झिजलेले नाहीत, म्हातारे झाले आहेत. आणि हे पहिल्या पावसात जोरात ब्रेक दाबेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

म्हणूनच 'जास्त टिकणारा टायर कोणता?' या प्रश्नाचं उत्तर छोट्या स्पोर्ट्स कारसाठी रोजच्या गाडीपेक्षा वेगळं असतं. एमएक्स-५ हे त्याचं चांगलं उदाहरण. १९८९ साली आलेली ही दोन आसनांची, मागच्या चाकांवर चालणारी, उघड्या टपाची कार अमेरिकेत मियाटा नावाने ओळखली जाते. वजन साधारण एक टन. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना ती जुन्या बाजारात सहज मिळते. पुढचं बरंचसं गणित पोलो जीटी किंवा आय-२० एन लाइनसारख्या आपल्याकडच्या चपळ गाड्यांनाही लागू पडतं.

जुना टायर कशाने संपला?

दुकानात जाण्याआधी जुन्या टायरवरून हात फिरवा. तो कसा संपला हे त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं.

नक्षी सगळीकडे सारखी झिजली असेल, तर टायरने त्याचं काम केलं. मधला पट्टा जास्त झिजला असेल, तर हवा जास्त भरली जात होती. दोन्ही कडा झिजल्या असतील, तर हवा कमी होती. फक्त आतली कड गुळगुळीत झाली असेल, तर अलाइनमेंट बिघडलेलं आहे. नक्षी शाबूत, पण खाचांच्या तळाशी आणि बाजूवर बारीक भेगा दिसत असतील, तर टायर वयाने गेला.

पहिला प्रकार सोडला, तर बाकी कुठल्याही दुखण्यावर जास्त टिकाऊ टायर हा इलाज नाही. अलाइनमेंट बिघडलेल्या गाडीला कितीही महागडा टायर लावा, तो आतून तसाच खाल्ला जाणार.

वर्षाला किती किलोमीटर?

रबर नुसतं उभ्या गाडीतही जुनं होतं. हवेतला ऑक्सिजन, ओझोन, ऊन आणि उष्णता त्याला हळूहळू कडक करतात. बऱ्याच कार कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदलायला सांगतात. मिशलिन कंपनीचा सल्ला असा, की पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करावी आणि दहा वर्षं झाली की नक्षी शिल्लक असली तरी टायर बदलावा.

आता हिशेब करू. समजा, एक टायर ४०,००० किलोमीटर चालतो आणि दुसरा ८०,०००. तुम्ही फक्त सुटीच्या दिवशी गाडी काढता आणि वर्षाला ५,००० किलोमीटर चालवता. पहिला टायर आठ वर्षं पुरेल, दुसरा सोळा. पण सोळा वर्षं तो वापरायचाच नाही. म्हणजे दुसऱ्या टायरचं निम्मं आयुष्य तुम्ही पैसे देऊन घेतलं आणि न वापरताच फेकून दिलं. वर त्या सगळ्या वर्षांत कमी पकड सोसली, ती वेगळीच.

हीच गाडी रोज कामावर नेत असाल आणि वर्षाला २०,००० किलोमीटर होत असतील, तर पहिला टायर दोन वर्षांत संपेल, दुसरा चार वर्षांत. इथे टिकाऊपणाला खरी किंमत आहे.

ट्रेडवेअरचा आकडा कुठून येतो?

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बहुतेक कार टायरवर 'ट्रेडवेअर' असा शब्द आणि पुढे एक आकडा असतो. काही टायरवर तो भारतातही दिसतो. टेक्सास राज्यातल्या सॅन अँजेलो शहराच्या परिसरात सुमारे ६४० किलोमीटरचा एक ठरलेला मार्ग आहे. तपासायचे टायर आणि तुलनेसाठीचे प्रमाण टायर लावलेल्या गाड्या त्यावरून ताफ्याने ७,२०० मैल, म्हणजे सुमारे ११,६०० किलोमीटर धावतात. मधे मधे नक्षीची खोली मोजतात आणि टायर पुढे किती चालेल याचा अंदाज बांधतात. आकडा ४०० असेल, तर त्या चाचणीत तो २०० वाल्याच्या दुप्पट टिकायला हवा.

पण हा आकडा सरकार देत नाही, टायर कंपनी स्वतः देते. चाचणीत जास्त आला तरी कमी छापायची तिला मुभा आहे. म्हणून एकाच कंपनीच्या दोन टायरची तुलना करायला तो उपयोगी आहे. दोन कंपन्यांमध्ये फक्त ढोबळ अंदाजापुरता.

मिशलिनच्याच दोन टायरचं उदाहरण घ्या. अमेरिकेत पायलट स्पोर्ट ४एसचा आकडा ३०० आहे आणि हमी ३०,००० मैलांची. पायलट स्पोर्ट ऑल सीझन ४ चा आकडा ५४० आणि हमी ४५,००० मैलांची. आकडा जवळपास पावणेदोन पट, हमी मात्र दीडपटच. हमीलाही अटी असतात: टायर सारखे झिजलेले हवेत, चाकांची अदलाबदल वेळेवर केल्याची नोंद हवी. अशा वेळी आकड्यापेक्षा हमीवर जास्त विश्वास ठेवावा, कारण तिच्यामागे कंपनीचे पैसे असतात.

युरोपातल्या टायरच्या लेबलवर इंधनाची बचत, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज या गोष्टी असतात. टायर किती टिकेल हे त्यावर नसतं. पण ओल्या पकडीचा 'ए' ते 'ई' दर्जा फार कामाचा आहे.

टिकाऊपणाच्या बदल्यात काय जातं?

ढोबळमानाने चार गट पडतात. २०० च्या आसपासचे टायर शर्यतीच्या हौशी लोकांसाठी. अमेरिकेतल्या एससीसीए संघटनेच्या ऑटोक्रॉस स्पर्धांत 'स्ट्रीट' गटासाठी किमान २०० आकड्याचाच टायर लागतो, म्हणून कंपन्या बरोबर २०० चे टायर काढतात. ३०० च्या आसपास उन्हाळी स्पोर्ट्स टायर, ५०० ते ५६० मध्ये बारमाही स्पोर्ट्स टायर आणि ६०० च्या वर आरामशीर प्रवासाचे.

वर जाल तसं साधारणपणे कोरड्या रस्त्यावरची पकड आणि स्टिअरिंगची तत्परता कमी होते. ज्या गाडीची सगळी मजा वळणात आहे, तिला कडक टायर लावणं म्हणजे धावपटूला गमबूट घालण्यासारखं आहे. पण थंड प्रदेशात उलटं आहे. पारा सुमारे ७ अंशांच्या खाली गेला की उन्हाळी टायरचं रबर कडक होऊन पकड सुटू लागते. न्यू जर्सीत नोव्हेंबरमध्येही गाडी चालवायची असेल, तर बारमाही टायरच शहाणपणाचा. बर्फात मात्र हिवाळी टायरला पर्याय नाही.

हलक्या गाडीची एक जमेची बाजूही आहे. तोच टायर दीड टनाच्या सेडानपेक्षा एक टनाच्या गाडीखाली सहसा जास्त टिकतो. त्यामुळे ३०० चा आकडा पाहून लगेच घाबरू नका.

पाऊस आणि नक्षीची खोली

नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलीमीटर खोल असते. भारतात, युरोपात आणि अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ती किमान १.६ मिलीमीटर असावी लागते. पण कायद्याची मर्यादा आणि सुरक्षिततेची मर्यादा एक नाही. हलकी गाडी, रुंद टायर आणि हवेचा कमी दाब या तिन्ही गोष्टी टायरला साचलेल्या पाण्यावर तरंगायला मदत करतात, आणि एमएक्स-५ मध्ये तिन्ही आहेत. पावसात गाडी काढणार असाल, तर ३ मिलीमीटरलाच टायर बदला. जास्त किलोमीटर मिळावेत म्हणून शेवटचा मिलीमीटर ओढत नेणं ही सगळ्यात महागडी काटकसर आहे.

माप आणि जन्मतारीख

पहिल्या एमएक्स-५ ला १८५/६० आर १४ माप होतं. आताच्या चौथ्या पिढीला १९५/५० आर १६ किंवा २०५/४५ आर १७ येतं. यातल्या १६ इंची मापात निवड फार थोडी आहे, १७ इंचीत बरी. आवडलेला टायर आपल्या मापात मिळतो का, हे आधी पाहा आणि मगच तुलना करा.

बाजूवर 'डॉट' अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ३५२४ म्हणजे २०२४ सालचा पस्तिसावा आठवडा. ही ओळ कधी कधी टायरच्या आतल्या बाजूलाच पूर्ण छापलेली असते, म्हणून टायर चाकावर चढवण्यापूर्वीच पाहून घ्या. कमी चालणाऱ्या गाडीसाठी दोन वर्षं गोदामात पडलेला टायर म्हणजे आयुष्याची दोन वर्षं आधीच खर्च झालेली. सवलत मिळत असेल, तरच विचार करा.

बसवल्यानंतर

पहिल्या एमएक्स-५ चा दाब २६ पीएसआय आहे, चौथ्या पिढीचा २९. हवा भरणारा सवयीने ३५ भरून देतो आणि मधला पट्टा झिजायला लागतो. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरचा आकडा त्याला सांगा आणि महिन्यातून एकदा टायर थंड असताना हवा पाहा.

पुढची आणि मागची चाकं एकाच मापाची असतील, तर दर ८,००० ते १०,००० किलोमीटरला त्यांची अदलाबदल करा. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल, तर त्याच बाजूला पुढचं मागे करायचं. दोनच नवे टायर घेणार असाल, तर ते मागे लावा. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाऊ पाहते आणि वेग कमी करून सावरता येते. मागची घसरली तर गाडी फिरते.

थोडक्यात, वर्षाला ७,००० किलोमीटरच्या आत असाल तर ताजा, चांगल्या पकडीचा उन्हाळी टायर घ्या; तो झिजण्याआधी बहुधा वयानेच निवृत्त होईल. १५,००० च्या वर असाल तर हमीवाला बारमाही स्पोर्ट्स टायर. मधे असाल तर तुमच्या गावचा पाऊस आणि थंडी ठरवेल. आणि जुनी गाडी घेताना "नव्यासारखे" हा शब्द ऐकलात, तर आधी गुडघ्यावर बसा आणि ते चार आकडे वाचा.