आरोग्यमंत्री नेमके कुठल्या दवाखान्याचे?

भाईंदर स्टेशनबाहेर पश्चिमेला उत्तनची बस धरली की मिठागरांच्या बाजूनं रस्ता जातो आणि मुर्धा, राई, मोर्वा ही गावं एकामागून एक लागतात. मुर्ध्यात रात्री कुणाच्या छातीत कळ आली तर घरचे आधी रिक्षा शोधतात, मग दवाखाना. पालिकेचं आरोग्य केंद्र गाठलं तर त्याचा वरचा धनी नगरविकास खातं. भाईंदरला टेंभ्याचं पंडित भीमसेन जोशी रुग्णालय पालिकेनंच उभारलं, पण नंतर ते राज्याच्या आरोग्य विभागाकडे गेलं. तिथेही भागलं नाही तर मुंबई. त्यात केईएम मुंबई महापालिकेचं आणि जे. जे. वैद्यकीय शिक्षण खात्याचं. या सगळ्या वाटेवर आरोग्यमंत्र्यांचा हक्काचा मुक्काम एकच, टेंभा.

हे ध्यानात घेतल्याशिवाय आरोग्यमंत्री म्हणून राजेश टोपे यांची कारकीर्द नीट वाचता येत नाही. ३० डिसेंबर २०१९ ला जालना जिल्ह्यातल्या घनसावंगीच्या या आमदारानं मंत्रिपदाची शपथ घेतली. शिक्षणानं ते इंजिनिअर. खातेवाटप जानेवारीत झालं आणि ९ मार्च २०२० ला पुण्यात दुबईहून परतलेल्या जोडप्याला करोना झाल्याचं निघालं. खातं समजून घ्यायला त्यांना जेमतेम दोन महिने मिळाले.

पुढे रोज संध्याकाळी टीव्हीवर दिसू लागले टोपे. आवाज न चढवता ते आकडे सांगत. लोकांना वाटायचं, राज्यातली प्रत्येक खाट याच माणसाच्या हातात आहे. प्रत्यक्षात जे. जे. अमित देशमुखांच्या खात्यात, पालिका एकनाथ शिंदेंच्या नगरविकासात आणि रेमडेसिविरवर लक्ष ठेवणारं अन्न व औषध प्रशासन राजेंद्र शिंगणेंकडे. जाब मात्र टोपेंना विचारला जाई. १ ऑगस्ट २०२० ला त्यांच्या आई शारदाताई गेल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांना स्वतःलाच लागण झाली.

त्यांच्या काळातलं सर्वांत ठोस काम मला दरांचं वाटतं. करोनाच्या चाचणीला सुरुवातीला साडेचार हजार मोजावे लागत. जून २०२० मध्ये राज्यानं तो दर २,२०० वर आणला आणि टप्प्याटप्प्यानं कमी करत मार्च २०२१ च्या अखेरीस ५०० केला. मे २०२० मध्ये खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांवर सरकारी दर लागू झाले. त्याच महिन्यात महात्मा फुले जनआरोग्य योजना रेशनकार्डाचा रंग न बघता सगळ्यांना खुली झाली. बिलांच्या तक्रारी त्यानंतरही थांबल्या नाहीत, हेही खरं. पण खासगी दवाखान्याच्या दरपत्रकात सरकारनं इतक्या उघडपणे हात घातल्याचं आपल्याकडे क्वचितच दिसलं होतं.

मग आगी. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात दहा बाळं दगावली. ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात पुन्हा आग, अकरा मृत्यू. ही दोन्ही रुग्णालयं आरोग्य विभागाचीच, तिथे बोट दुसऱ्या खात्याकडे दाखवायला जागा नव्हती. मधल्या एप्रिलमध्ये नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीतून गळती होऊन बावीस जण गेले. ते रुग्णालय महापालिकेचं. दोनच दिवसांनी खाडीपलीकडे विरारला खासगी रुग्णालय पेटलं. ही राष्ट्रीय बातमी नव्हे, असं टोपे तेव्हा बोलून गेले आणि एरवी सौम्य म्हणून नावाजलेला हा माणूस चांगलाच टीकेचा धनी झाला.

करोनाइतकी गाजली नाही ती नोकरभरती. पण खात्याचं दुखणं तिथंच जास्त उघडं पडलं. क आणि ड गटाच्या सहा हजारांवर जागांसाठी २५ आणि २६ सप्टेंबर २०२१ ला परीक्षा होती. ती आदल्या रात्री पुढे ढकलली. कुणी एसटीत बसलेलं, कुणी परगावच्या स्टँडवर उतरलेलं. टोपेंनी माफी मागितली. ऑक्टोबरमध्ये परीक्षा झाली, तर पेपर फुटल्याच्या तक्रारी आल्या आणि प्रकरण पोलिसांकडे गेलं. वॉर्डात माणूस नाही म्हणून भरती काढायची आणि भरतीच अडकून बसायची! यंत्रं आणता येतात, माणसं नेमताना मात्र खात्याला दम लागतो.

२९ जून २०२२ ला उद्धव ठाकरेंनी राजीनामा दिला आणि टोपेंची अडीच वर्षं संपली. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री झाले ते त्याच मंत्रिमंडळातले नगरविकासमंत्री. पुढे तानाजी सावंतांकडे आरोग्य खातं आलं. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत झाले; वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं यातून वगळली. त्याच आठवड्यात ठाण्याच्या कळवा रुग्णालयात चोवीस तासांत अठरा रुग्ण दगावल्याची बातमी आली. ते रुग्णालय ठाणे महापालिकेचं.

डिसेंबर २०२४ पासून खातं प्रकाश आबिटकर यांच्याकडे आहे. मुर्ध्याच्या माणसाला टेंभ्याला केसपेपर फुकट मिळतो. तिथून चिठ्ठी घेऊन जे. जे.ला गेलं की खिडकीवर पुन्हा सुटे पैसे काढावे लागतात.