हिमनदी हीच धावपट्टी

ग्रीनलंडचा बर्फ किती खचला हे विमानातून मोजायचं, तर मागच्या खेपेला विमान ज्या रेषेवरून गेलं त्याच रेषेवरून ते पुन्हा न्यावं लागतं. ‘साधारण तिथूनच’ असून भागत नाही. बर्फाला फक्त एक अंशाचा उतार आहे असं धरा. विमान शंभर मीटर बाजूला गेलं की खालची उंची पावणेदोन मीटरनं बदलते, आणि शोधायची असलेली घट बऱ्याच ठिकाणी वर्षाला काही सेंटिमीटरच असते.

व्हर्जिनियातल्या नासाच्या वॉलॉप्स केंद्रातला गट हे काम १९९०च्या दशकापासून करत आला. विमानाच्या पोटातून लेझरनं बर्फाची उंची मोजायची, काही वर्षांनी त्याच रेषांवर परत यायचं. १९९३-९४ साली ज्या रेषांवरून विमान गेलं, त्यांवरूनच १९९८-९९ मध्ये ते पुन्हा नेलं, तेव्हा कळलं की ग्रीनलंडच्या मधल्या उंच भागातला बर्फ साधारण जैसे थे आहे, पण कडेचा झपाट्यानं पातळ होतोय. पुढे २००९ साली आइससॅट हा उपग्रह बंद पडला आणि त्याचा वारसदार २०१८ पर्यंत आकाशात गेला नाही. मधली पोकळी ‘ऑपरेशन आइसब्रिज’ या हवाई मोहिमेनं भरून काढली. तिची विमानं बहुतेक वेळा बर्फावरून सुमारे पाचशे मीटर उंचीनं जात आणि लेझरचा पट्टा जेमतेम अडीचशे मीटर रुंद पडे. म्हणजे रेषेच्या दोन्ही बाजूंना सव्वाशे मीटर, एवढीच काय ती मोकळीक. सेकंदाला सव्वाशे मीटर वेगानं जाणाऱ्या विमानाची दिशा एका अंशानं चुकली, तर मिनिटभरात जुनी रेषा पट्ट्याच्या बाहेर.

आता पायलटसमोर काय असतं ते पाहू. नेहमीच्या दिशादर्शकावर एक उभी सुई असते. मार्ग डावीकडे राहिला तर सुई डावीकडे जाते, उजवीकडे राहिला तर उजवीकडे. प्रश्न असा की सुई पार टोकाला गेली म्हणजे विमान किती मीटर भरकटलं? जीपीएसवर लांबचा प्रवास चालू असताना आजच्या यंत्रांत हे अंतर साधारण दोन सागरी मैल, म्हणजे ३.७ किलोमीटर असतं. या प्रमाणावर सव्वाशे मीटरची चूक झाली तर सुई हलल्याचं कळणारही नाही. विमानतळ जवळ आला की प्रमाण आवळत ०.३ सागरी मैलावर, म्हणजे ५५६ मीटरवर येतं. तरीही सुई निम्मी सरकेपर्यंत आपलं विमान पट्टा सोडून केव्हाच गेलेलं असतं. यात यंत्राचा दोष नाही. प्रवासी विमानांचे हवाई मार्ग काही किलोमीटर रुंद असतात; तिथे याहून नाजूक सुई ही नसती कटकटच ठरेल.

पण विमानात एक व्यवस्था याहून कितीतरी बारीक असते. धुक्यात उतरताना कामी येणारी आयएलएस. धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाचा अँटेना ९० आणि १५० हर्ट्झच्या दोन खुणा रेडिओवरून पाठवतो. डावीकडे एक जोरात, उजवीकडे दुसरी, बरोबर मध्यावर दोन्ही सारख्या. धावपट्टीच्या उंबरठ्यापाशी सुईचं एक टोक ते दुसरं टोक म्हणजे फक्त दोनशे दहा मीटर. शिवाय ऑटोपायलटला ही सुई पकडून कसं चालायचं हे आधीच शिकवलेलं असतं. वॉलॉप्सच्या गटानं नेमका याचाच फायदा घेतला. विमानातला संगणक जीपीएसवरून जागा काढतो, ठरलेल्या रेषेपासूनचं अंतर मोजतो आणि आयएलएसकडून आला असता तसाच संकेत तयार करून विमानाला देतो. ऑटोपायलट बापडा समजतो, आपण धावपट्टीच्या रेषेत चाललो आहोत. खाली हिमनदी असते. ही रेषा सरळच हवी असंही नाही. हिमनदीची मध्यरेषा वळणं घेते, उपग्रहाची जमिनीवरची वाटही पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाकते, आणि संगणकाला दोन्ही सारख्याच. मला तर हा या क्षेत्रातला सर्वांत देखणा जुगाड वाटतो.

मात्र सुई जितकी नाजूक, तितकी ती हातानं सांभाळायला अवघड. नवखा सायकलस्वार पुढच्या चाकाकडे बघत हँडल वळवतो आणि नागमोडी जातो, तसं होतं. म्हणून नुसतं ‘किती मीटर बाजूला’ सांगून पुरत नाही. चूक वाढतेय की कमी होतेय हेही दिसायला हवं, म्हणजे विमानाच्या खऱ्या वाटेचा आणि रेषेचा कोन. वाऱ्यामुळे विमानाचं नाक एकीकडे आणि वाट दुसरीकडे असते, त्यामुळे नाकाच्या दिशेवर विसंबून चालत नाही. वायव्य ग्रीनलंडमध्ये तर होकायंत्र खऱ्या उत्तरेपासून कित्येक अंश ढळतं, तेव्हा सगळे आकडे खऱ्या उत्तरेवरूनच मांडायचे. वळतानाही पंख फार कलवायचे नाहीत, नाहीतर क्षितिजाजवळचे उपग्रह अँटेनाच्या नजरेआड होतात आणि जीपीएसची अचूकता ढासळते.

अशाच ठरलेल्या रेषा धरून खनिजांसाठी चुंबकीय सर्वेक्षण करणारी विमानं आणि हेलिकॉप्टरं तर जमिनीपासून शंभर मीटरच्या आसपासही उडतात. तिथे पडद्यावरचा रंगीत नकाशा कितीही सुंदर असो, त्यात डोकं घालणं धोक्याचं. पूर्वी नॅव्हिगेटर हवाई छायाचित्रं मांडीवर पसरून नदी, रस्ता, वाडी ओळखत रेषा धरायचा. जीपीएस आल्यावर पिकांवर औषध फवारणाऱ्या विमानांकडून एक साधी वस्तू इकडे आली: काचेखाली बसवलेली दिव्यांची आडवी पट्टी. मधला दिवा लागला तर रेषेवर, बाजूचे लागले तर तितकं बाहेर. पायलटची नजर समोरच्या टेकडीवर राहते आणि दिवे डोळ्यांच्या कोपऱ्यातून कळतात. कोयना-वारणा भागात बेसॉल्टखाली काय दडलंय हे पाहण्यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेनं गुरुत्वीय आणि चुंबकीय हवाई सर्वेक्षण हाती घेतलं होतं. सह्याद्रीसारख्या कड्याकपारींच्या मुलखात डावं-उजवं पुरत नाही. विमानाला झेपेल इतक्याच चढ-उताराचा उंचीचा आराखडाही आधी आखावा लागतो आणि वर-खालची सूचना पायलटला वेगळी द्यावी लागते. विमान रेषेपासून ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त अंतरभर भरकटलं, तर रेषेचा तो तुकडा बाद होतो आणि विमान पुन्हा पाठवावं लागतं.